लाभ, बरकत, तीन

माय,

आज पाडवा. सकाळी गुढी उभी केली, कडुलिंबाचा पाला गूळ-जिऱ्यात वाटून सगळ्यांना चाखवला, आणि तुझ्या नातीने दरवर्षीसारखं तोंड वाकडं केलं. आता दुपार आहे. छापखाना बंद, घर जेवून आडवं झालेलं, म्हणून लिहायला बसलो. तुला अक्षरओळख नव्हती हे मी विसरलेलो नाही. मानमोडीच्या साथीत तू गेलीस, आपल्या लिंगायत रीतीने तुला मातीत बसवून मी हैदराबादेला परत आलो, त्यालाही आता इतका काळ लोटला की मीच तुझ्या वयाला येऊन टेकलो आहे. तरी लिहितोय, कारण तुझ्यासाठी एक निरोप आहे. ज्याने दिला त्याला मी "सांगतो" म्हणून बसलोय. पण निरोप आधी सांगितला तर तू लगेच विचारशील, "बघितलंस का ऐकलंस?" तेव्हा तो मिळाला कसा ते आधी सांगतो.

तू हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारलास तो दिवस तुझ्या ध्यानात असेल की नाही, कोण जाणे. मांजरेला पाणी आलं होतं. मी धापा टाकत स्वयंपाकघरात शिरलो आणि ओरडलो, "माय, नदीत गाडी गेली! बैलांसकट गेली! लई माणसं मेली!" तू काटवटीत पीठ मळत होतीस. हात थांबवले नाहीस. "बघितलंस का ऐकलंस?" मी म्हणालो, "ऐकलं." "कुणाकडून?" "पोरं सांगत व्हती." तू पिठाचा हात दाराकडे केलास. "जा, बघून ये. तवर भाकर न्हाई." मी रागाने पाय आपटत गेलो. नदीवर पाहतो तर गाडी काठच्या चिखलात रुतलेली, बैल सोडून झाडाला बांधलेले, आणि मेलेली सगळी माणसं बाभळीखाली बसून कांदा-भाकर खात होती. त्यातल्या एकाने मलाही तुकडा दिला. घरी येऊन मी ते सगळं सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की तव्यावरची भाकरी करपली, आणि ती करपलेली भाकरी तू मलाच वाढलीस. "बातमी कच्ची आणली तर भाकर जळकी मिळती," म्हणालीस. आमच्या साप्ताहिकाचा मजकूर दर बुधवारी छापखान्यात जातो. नवी मुलं उत्साहाने बातम्या आणतात, तेव्हा मी चष्म्यावरून बघत त्यांना तुझाच प्रश्न विचारतो. ती मुलं माझ्या मागे माझी नक्कल करतात. नक्कल तुझी आहे, हे त्यांना कुठं ठाऊक?

नवं वर्ष आपल्याकडे तीनदा येतं. सरकारी महसुलाचं फसली साल पावसाळा संपताना, आजूर महिन्यात बदलतं, पेठेचं दिवाळीच्या पाडव्याला, आणि घरचं आज. मला खरं वाटतं ते आजचंच, कारण आज तू नवी ज्वारी मोजायचीस. शाळू नुकताच खळ्यावरून आलेला असायचा. अंगण सारवून तू पोतं सोडायचीस, आणि मापट्याने एकेक माप कणगीत ओतताना मोठ्याने म्हणायचीस, "लाभ... बरकत... तीन... चार..." दाणा मोजताना पहिलं माप 'एक' म्हणून कुणीच मोजत नाही, एवढं मला आपल्या दुकानातूनच ठाऊक होतं. वडील 'लाभ' म्हणायचे. शेजारचे मुसलमान दुकानदार 'बरकत' म्हणायचे. पण जो तो आपलाच शब्द घ्यायचा आणि पुढचं माप 'दोन' म्हणूनच ओतायचा. दोन्ही शब्द घेऊन 'दोन' गिळणारी आपल्या सगळ्या पाटोदा गावात तू एकटी. ज्वारीच नव्हे, गोवऱ्या, पाण्याच्या घागरी, माझ्या सदऱ्याची बटणं, सगळं तू असंच मोजायचीस. वडिलांना गंमत वाटायची. ते दुकानाच्या आतल्या दारातून डोकं काढून विचारायचे, "अगं, तुझं दोन कुठं गेलं?" तू मान न वळवता म्हणायचीस, "आमच्यात दोन नसतं." आणि ते पुढे म्हणायचे, "आमच्यात म्हंजे कुणात?" यावर मात्र तू बोलायची नाहीस. मापटं पुन्हा पोत्यात बुडायचं आणि वडील डोकं आत घ्यायचे. त्यांनी ते चिडवण्यासाठी विचारलेलं नसायचं, हे मला मोठेपणी कळलं. त्यांनाही ते खरंच ठाऊक नव्हतं.

मीही तेच मोजणं शिकलो, आणि त्याचा तमाशा मदरशात झाला. मौलवीसाहेबांनी आकडे म्हणायला उभं केलं. सगळी पोरं एक, दो, तीन करत सुटलेली. माझी पाळी आली आणि मी छाती पुढे काढून म्हणालो, "लाभ, बरकत, तीन!" वर्ग फुटला. मौलवीसाहेबांनी छडी टेबलावर ठेवली, दाढीवरून हात फिरवला आणि विचारलं, "ये गिनती किसने सिखाया रे?" मी म्हणालो, "मायने." ते म्हणाले, "दोनों लफ्जां मुबारक हैं. मगर हिसाब में 'दो' भी होना ना!" त्यांनी मारलं नाही, पण पोरांनी त्या दिवसापासून मला 'बरकत' म्हणायला सुरुवात केली. "ए बरकत, इकडं ये बे!" मी रडत घरी आलो आणि तुझ्यावर ओरडलो की तुला मोजताच येत नाही. तू मला जवळ घेतलंस, पदराने नाक पुसलंस आणि आधी हसलीस. मग म्हणालीस, "येतं की. माझे आप्पा असंच मोजायचे." तेवढंच. त्याआधी तुला आप्पा होते हेही मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "कुठं हायत तुझे आप्पा?" तू म्हणालीस, "येतील."

ते 'येतील' किती जुनं होतं, हे पंचमीच्या दिवसांत कळायचं. पंचमी आली की आपल्या गल्लीतल्या बायकांना माहेरचं मूळ यायचं. कुणाचा भाऊ, कुणाचा चुलता गाडी घेऊन न्यायला यायचा, दारात बैल सोडायचा, आणि ती बाई दोन दिवस आधीपासून गाठोडं बांधून बसलेली असायची. तू सगळ्यांची गाठोडी बांधू लागायचीस. कुणाला शेंगदाण्याचे लाडू, कुणाला लेकराचं झबलं. गाड्या निघाल्या की वेशीपर्यंत पोचवायला जायचीस. मग कुणीतरी हमखास म्हणायची, "अन् तुमचं मूळ कधी येणार, वैनी?" तू म्हणायचीस, "वाटंत हाय की. आमचा बैल लंगडा हाय, वेळ लागतोय." बायका हसायच्या. तूही हसायचीस. दर पंचमीला तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच हसणं. मला तो आपल्या घरचा विनोद वाटायचा. दुसऱ्यांच्या घरात जसे ठरलेले विनोद असतात, तसा.

एकदाच तो विनोद तुटला. आत्या बाळंतपणाला घरी आली होती आणि तुमचं कशावरून तरी वाजलं. दूध उतू गेलं होतं बहुतेक. आत्या तडकून म्हणाली, "मठाच्या वट्यावर टाकलेली पोर तू, तुला काय कळावं घरचं!" मी उंबऱ्यावर बसलो होतो. तू दुधाचं पातेलं उतरवलंस, चूल पुसलीस, आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणालीस, "टाकलं न्हाई मला. सांगून गेलते." मोठ्या दुष्काळात तुला कुणीतरी आपल्या मठात सोडून गेलं, मठाच्या स्वामींनी तुला वडिलांच्या घरी सांभाळायला दिलं आणि पुढे त्याच घरात तू सून झालीस, एवढं मला तेव्हा समजलं. कोण सोडून गेलं आणि परत का आलं नाही, ते कुणीच सांगेना. तुझ्या तोंडून 'सांगून गेलते' आणि आत्याच्या तोंडून 'टाकलेली', हे दोन शब्द मात्र माझ्या डोक्यात तेव्हापासून समोरासमोर उभे राहिले. यातला खरा कोणता, एवढंच मला शोधायचं होतं. आमच्या घराण्याचा इतिहास म्हणून जे काही मी गेली कित्येक वर्षं करत आलो, त्याच्या बुडाशी एवढंच होतं.

पण माणूस पाडव्याला मोठंमोठं ठरवतो. नोकरी लागल्यावर पहिल्या पाडव्याला मी ठरवलं, वर्षभरात घराण्याचा सगळा इतिहास लिहून काढायचा. वडिलांकडचं काम फार सोपं निघालं. मठातले जंगम डोळे मिटून नावं म्हणत गेले, कोण कुठून पाटोद्याला आला, कुणी दुकान टाकलं, कोण निपुत्रिक गेला. मी भराभर उतरवून घेतलं. तुझ्या बाजूला आलो आणि कागद कोरा राहिला. पुढच्या पाडव्याला ठरवलं, पाटोद्याच्या आसपासची सगळी गावं पालथी घालायची. एकही झालं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी मोठं काहीतरी ठरवलं आणि तेही राहिलं. जो माणूस बुधवारचा अंक कधी चुकवत नाही, त्याला हे वर्षानुवर्षं कसं जमेना, याचं माझं मलाच नवल वाटायचं. गेल्या पाडव्याला तुझ्या नातीचं लग्न बोलण्यात आलं. ती निमूटपणे ऐकत होती, आणि मध्येच म्हणाली, "अण्णा, लग्नाची अक्षत आजीच्या माहेरी कोण घेऊन जाणार?" मी म्हणालो, "तिला माहेर नव्हतं, बाळ." ती म्हणाली, "नव्हतं, का तुम्हाला माहीत नाही?" माय, ती पोर तुझ्यावर गेली आहे. त्या दिवशी मी सगळे बेत बाजूला सारले आणि वर्षाचं एकच काम ठरवलं, जे बुधवारच्या मजकुरासारखं होण्याजोगं होतं. आत्या अजून आहे. तिला विचारायचं.

आत्या पाटोद्यालाच असते. दात गेले, जीभ आहे तशी आहे. मी तिच्यासमोर बसलो आणि सरळ विचारलं, "आत्या, माझ्या मायला मठात कुणी सोडलं?" ती म्हणाली, "आता कावून इचारतोस? ती गेली, तिचा नवरा गेला, स्वामी तर त्याच दुष्काळात गेले." मी म्हणालो, "तू ऐकलं असशील काहीतरी." तिला राग आला. "ऐकलं? मी बघितलं! वट्यावर मीच खेळत व्हते." मग ती सांगत गेली. एक माणूस आला, वाळलेला, बरोबर एक बैल. बैलाच्या पाठीवर तू बसलेली. तुझ्या गळ्यात लिंग होतं, म्हणून स्वामींनी तुला आपल्यातलीच म्हणून ठेवून घेतलं. तुझी माय वाटेतच गेली होती. तो माणूस दुष्काळी कामावर खडी फोडायला चालला होता, तिथं लेकरं मरत होती म्हणून तुला नेत नव्हता. आत्या म्हणाली, "तिनं लई रडून घेतलं. त्यानं तिला वट्यावर बसवलं अन् म्हणला, 'येतो मी न्यायला. बैल लंगडा हाय, वेळ लागंल. तू आपली मोजत बस.' अन् ती मोजत बसली. लाभ, बरकत, तीन. आमी पोरी हसायचो."

तो विनोद नव्हता, माय. इतक्या पंचम्या तू वेशीवर उभी राहून बायकांना हसवत होतीस, ते त्याचे शब्द होते. मी आत्याला विचारलं, "मग तू तिला टाकलेली का म्हणालीस?" ती भिंतीकडे बघत म्हणाली, "भांडणात काय सुचतं ते बोलतो माणूस. अन् तो आला न्हाईच की." मी म्हणालो, "इतकी वर्षं हे कुणाला का नाही सांगितलंस?" ती फणकारली. "कुणी इचारलं? तुझा बाप नुस्ता 'दोन कुठं गेलं' म्हणून खिदळायचा. मला इचारलं का कधी?" निघताना मात्र तिने हाक मारून थांबवलं. "घाटाखालून आलते ते. गंगंकडून. अन् माझा राग धरू नको." मी तिच्या पाया पडलो. खरं सांगायचं तर मला तिचे उपकारच वाटत होते. 'टाकलेली' म्हणणारी तीच, आणि 'सांगून गेलते' हे बघितलेलीही तीच.

फाल्गुनात चार दिवस सुटी काढली. जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे मोटार, शहागडाला आपली दक्षिणगंगा उतरून गेवराई. आठवड्याचा बाजार होता. गंगथडीतला माल तिथं येतो, आणि माझ्याजवळ नाव नव्हतं, गाव नव्हतं, फक्त मोजण्याची एक रीत होती. दाण्यांच्या ओळीत सकाळपासून फिरत राहिलो. इकडे 'लाभ, दोन, तीन', तिकडे 'बरकत, दोन, तीन'. ऊन चढलं, उतरलं. प्रत्येकाच्या मापाशी हा कोण कान लावून उभा राहतो, म्हणून लोक माझ्याकडे बघायला लागले. मी मोटारीकडे परतायच्या बेतात होतो, आणि ओळीच्या टोकाला करडई विकणाऱ्या एका म्हातारीचा आवाज आला, "लाभ... बरकत... तीन..." मी तिथेच उभा राहिलो. गिऱ्हाईक गेलं. माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही, वडिलांचाच प्रश्न निघाला. "मावशी, तुमचं दोन कुठं गेलं?" तिने मापटं पालथं घातलं आणि वर न बघता म्हणाली, "आमच्यात दोन नसतं."

तुझ्याच शब्दांत. तोच स्वर, तीच न वळलेली मान. मी तिच्या पोत्यापुढे भुईवर बसलो. आणि मग मी तो दुसरा प्रश्न विचारला, ज्यावर तू कधी बोलली नाहीस. "आमच्यात म्हंजे कुणात?" ती म्हणाली, "कुणात म्हंजे? आमच्या गावात." एवढं सोपं होतं ते. तुझं उत्तर तुला पाठच होतं, फक्त गावाचं नाव तेवढं लहानपणी मागं राहिलं होतं. म्हातारी आता माझ्याकडे नीट बघू लागली. माझी टोपी, माझा कोट, आणि भुईवर बसलेला मी. "करोडगिरीचे का तुमी?" तिने करडईच्या पोत्यावर हात ठेवत विचारलं. "जकात भरून आलेय मी." मी म्हणालो, "नाही हो मावशी. माझी माय असं मोजायची." तिचा हात पोत्यावरून निघाला. मग तिने रीत सांगितली. त्यांच्या गावात मुसलमान व्यापारी दाणा घ्यायला यायचे. "इकणारा म्हणायचा लाभ, घेणारा म्हणायचा बरकत. दोघं एकदम बोलायचे, नुस्ता गलका. मग आमच्या मापाड्यानं दोनी घेतले. एक याचं, एक त्याचं. दोन बसलं उपाशी." मी विचारलं, मापाडी कोण? "व्हते एक आप्पा, लिंगायताचे. मोठ्या दुष्काळात गेले. भावाचं घर हाय अजून. चला की, गाडीत जागा हाय."

गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. ते मला तुझ्या समाधीपाशी मोठ्याने म्हणायचं आहे. गंगेच्या काठावरचं लहानसं गाव आहे, वाळूचं पात्र रुंद, आणि पाणी पार पलीकडच्या काठाला. मापाड्याच्या भावाच्या घरी त्याचा मुलगा आहे, म्हणजे तुझा चुलतभाऊ, माझा मामा. केस पिकलेले, हसताना डोळे बारीक होतात, तुझे व्हायचे तसे. हे मी बघितलं. पुढचं मात्र ऐकलेलं आहे, आणि त्यानेही ते ऐकलेलंच सांगितलं, कारण त्या दुष्काळात तो पाळण्यात होता. तो म्हणाला, "आप्पा पोरीला घेऊन घाटावर गेले, ते गेलेच. पुढं सुगी आली तवा एक दिवस बैल आला. एकटाच. लंगडत. तुटका कासरा गळ्यात. आमचा बाप म्हणायचा, त्या बैलाला बघितलं अन् समजलो, भाऊ ऱ्हायला न्हाई, ऱ्हायला असता तर बैल सोडला नसता." मी विचारलं, "मग पोरीला कुणी शोधलं का?" मामा हसला, पण ते हसणं अर्धंच राहिलं. "बापानं त्या बैलाच्या पायाला तेल लावलं, चार दिवस चारा घातला, अन् त्यालाच म्होरं घालून घाटाकडं निघाला. म्हणला, वाट ह्यालाच माहीत. बैल वेशीपातूर गेला अन् बसला. काय केल्या उठंना. मग बाप एकटाच गेला, लई गावं हुडकली. कोणता मठ, कोणतं गाव, कुणाला ठावं? पण मरेस्तोवर म्हणायचा, घाटावर आपली एक लेक हाय."

बैल आला होता, माय. तुझ्या दारी नाही आला, एवढंच. तू पाटोद्याच्या वेशीवर त्याची वाट बघत होतीस आणि तो गंगेकाठच्या वेशीवर बसून होता. मी मामाला तुझा तो विनोद सांगितला, दर पंचमीचा. त्याने उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि आतल्या बायकांना हाक मारून सांगितलं, "ऐकलं का, ताई म्हणायची बैल लंगडा हाय म्हणून!" मग त्या घरात सगळेच रडत-हसत बसले, आणि मला वाटीभर दूध आणि शेवया मिळाल्या. पहिल्यांदा आजोळी गेलेल्या नातवाला देतात तशा.

तर आज नव्या वर्षाची कामं ठरवतोय, आणि या खेपेला ती लहान ठेवली आहेत. आत्याकडे पुन्हा जायचं, आणि तिने बघितलेलं आणि तिने ऐकलेलं वेगवेगळं लिहून घ्यायचं. ती रागावेल, रागावू दे. खडीचं काम तेव्हा कोणत्या रस्त्यावर चालू होतं ते त्या बाजूच्या म्हाताऱ्यांना विचारायचं. तुझे आप्पा कुठे पडले ते कळलं तर कळलं. नाही कळलं तर तसंच लिहायचं की कळलं नाही. घराण्याच्या इतिहासात तुझ्या बाजूचा कोरा कागद भरायचा, आणि त्याची पहिली ओळ 'तिला सोडलं ते न्यायला येण्यासाठी' अशी घालायची. आणि या सगळ्याच्या आधी, चैत्र संपायच्या आत, लग्नाची अक्षत घेऊन मामाकडे मी स्वतः जायचं. टपालाने कळवण्यासारखं ते काम नाही. का नाही, तेवढं आता सांगून टाकतो.

मामाने विचारलं होतं, "ताई कशी हाय?" साधाच प्रश्न. तुझ्या वयाच्या बायका अजून हिंडत्या-फिरत्या आहेत, तूही असशील असं त्याला वाटणार नाही तर काय? साठ वर्षांच्या वाटेवरून तू त्या घरात नुकतीच येऊन पोचली होतीस. आल्याआल्या मला तुला मारता येईना. मी, जो पोरांना चष्म्यावरून विचारतो बघितलंस का ऐकलंस म्हणून, मी म्हणालो, "बरी हाय." ते आता मला त्याच्या समोर बसून दुरुस्त करायचं आहे, आणि लेखणी हातात धरून इतकी वर्षं झाली तरी त्याचं पहिलं वाक्य मला सुचलेलं नाही. हे पत्रही कुठं जायचं नाही. घडी घालून ज्वारीच्या कणगीवर ठेवीन, उद्या कुणीतरी चुलीला लावील.

निरोप तेवढा राहिला. मी गाडीत बसलो तेव्हा मामा चाकाला हात लावून उभा होता. म्हणाला, "ताईला सांगा, वैशाखात लग्नाला येतो, अन् माघारी येताना तिला घेऊनच येतो. मूळ समजा. उशीर झालाय जरा. पण म्हणावं, औंदा बैल चांगले हायत. लंगडा एकबी न्हाई." मी म्हणालो, "सांगतो."

सांगितलं, माय.